चौथ्या मुलाची शाळा

धार्मिक शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरीव चित्र उभे राहते. छडी घेतलेले गुरुजी, पुढे-मागे डोलत पाठांतर करणारी मुले, आणि 'असे का?' हा प्रश्न विचारण्याची कुणाची छाती नाही, असे एकंदर वातावरण. शिक्षणातून धर्म हद्दपार झाला पाहिजे, असे म्हणणारा एक पक्ष आहे. मुलांना वळण लागायचे तर शाळेत धर्म हवाच, असे म्हणणारा दुसरा आहे. आपल्या वक्तृत्वस्पर्धेत हे दोन्ही पक्ष दरवर्षी हजेरी लावतात आणि टाळ्याही दोघांना सारख्याच मिळतात. पण ज्या मुलाच्या नावाने हा वाद चालतो ते मूल वर्गात बसून करते काय, त्याला काय विचारू दिले जाते आणि काय विचारू दिले जात नाही, याची चौकशी फारशी कुणी करीत नाही.

ही चौकशी मी ज्यू लोकांच्या धार्मिक शाळांबाबत करणार आहे. विषय दूरचा वाटेल, पण मला तो तितका दूरचा नाही. मी रायगड जिल्ह्यातली. आमच्या किनाऱ्यावरच्या गावांतून बेने इस्राएल नावाचा ज्यू समाज कित्येक शतके राहत आला. तेलाचे घाणे चालवणे हा त्यांचा मुख्य धंदा आणि शनिवारी धर्माज्ञेप्रमाणे घाणा बंद. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. हा शब्द माझ्या आजीच्या तोंडी अजून आहे. केहिमकर, राजपूरकर, दिवेकर ही त्यांची आडनावे आपल्याच गावांवरून पडलेली, आणि घरातली भाषा मराठी. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर बहुतेक कुटुंबे हळूहळू तिकडे गेली. अलिबागला इस्राएल आळी आहे, तिथले प्रार्थनामंदिर आहे; माणसे मात्र थोडी उरली आहेत.

आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात ज्यू हा शब्द हिटलरच्या प्रकरणात आला आणि त्याच प्रकरणात संपला. या माणसांना कसे मारले ते आम्ही शिकलो. ती त्याआधी दोन हजार वर्षे जगली कशी, हे कुणी शिकवले नाही. ग्रंथालयात मिळाले तेवढे वाचल्यावर मला एक उत्तर सापडले, ते असे की त्यांनी शाळा चालवल्या.

सन ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर जाळले. राज्य गेले, मंदिर गेले, पुढे देशही गेला. हाती उरला तो तोरा हा धर्मग्रंथ आणि त्यावर चाललेली चर्चा. ती चर्चा पुढे काही शतकांनी तालमूद या प्रचंड ग्रंथात संकलित झाली. त्या तालमूदमध्ये शाळा कशी सुरू झाली याची एक छोटी हकीगत आहे. पूर्वी म्हणे मुलाला त्याचा बाप शिकवी. त्यामुळे ज्याला बाप होता तो शिकला आणि ज्याला बाप नव्हता तो तसाच राहिला. म्हणून जेरुसलेममध्ये गुरुजी नेमले; पण तिथवरही बाप असलेलाच मुलगा पोहोचू लागला. मग प्रांताप्रांतांत सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी गुरुजी ठेवले. पण एवढा थोराड मुलगा गुरुजी रागावले की उठून घरी चालू लागे. अखेर मंदिर पडण्याच्या थोडे आधी यहोशुआ बेन गामला या मुख्य पुरोहिताने गावोगावी गुरुजी नेमून सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेत बसवण्याची व्यवस्था केली. एका गुरुजीकडे पंचवीस मुले, चाळीस झाली तर एक मदतनीस, पन्नास झाली तर दोन गुरुजी, असा हिशेबही तिथेच दिलेला आहे. आमच्या वर्गाचा हजेरीपट एकशेवीसचा आहे, एवढेच इथे नोंदवून ठेवते.

'ज्याला बाप नव्हता' या शब्दांपाशी मी बराच वेळ थांबले. माझे वडील आहेत आणि देवाच्या कृपेने धडधाकट आहेत. पण चौथीत शाळा सुटून मिठागरावर कामाला लागलेल्या वडिलांना माझ्या अभ्यासातले काही सांगता येत नाही, आणि घरी बसून ब्लाउज शिवणाऱ्या आईलाही येत नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. ज्याच्या घरात पुस्तकावर बोलणे होते त्याला अर्धे शिक्षण जेवणाच्या ताटावर मिळते. बाकीच्यांना सगळेच्या सगळे शाळेत मिळाले तरच मिळाले. शिक्षणापुरती आम्ही मुले पोरकीच. शाळा ही पोरक्या मुलासाठी काढलेली गोष्ट आहे, हे दोन हजार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी ध्यानात आले होते, याचा मला आधार वाटला.

ज्यूंचा पेसाह नावाचा सण आहे. मराठी बायबलात त्याला वल्हांडण म्हटले आहे. मिसरच्या गुलामगिरीतून सुटका झाली, तिची ही आठवण. त्या रात्री घरातल्या सर्वांत लहान मुलाने प्रश्न विचारायचे आणि मोठ्यांनी उत्तरे द्यायची, असा नेमच आहे. धार्मिक शाळांतून हे प्रश्न आधी काही आठवडे बसवून घेतात. त्या रात्री वाचायच्या हग्गादा या पोथीत चार मुलांचे वर्णन येते. एक शहाणा, एक दुष्ट, एक भोळा, आणि चौथा, ज्याला प्रश्न विचारताच येत नाही तो. चौघांना चार वेगवेगळी उत्तरे सांगितली आहेत. चौथ्याच्या बाबतीत मात्र आज्ञा मोठ्यांना आहे. त्याने काही विचारले नसले तरी सुरुवात तुम्ही करा, त्याचे तोंड तुम्ही उघडा. हिब्रू मजकुरात या ठिकाणी 'तू' या अर्थाचा जो शब्द आहे तो स्त्रीलिंगी रूपात येतो, आणि या मुलाशी आईच्या मायेने बोलावे असा त्याचा अर्थ काही भाष्यकारांनी लावला आहे. ही पोथी मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये छापली गेली होती. म्हणजे हा चौथा मुलगा आपल्या भाषेत पावणेदोनशे वर्षांपूर्वीच येऊन गेला आहे. आपण त्याची विचारपूस केली नाही, एवढेच.

कुठल्याही शाळेची परीक्षा या चौथ्या मुलावरून करावी, असे माझे मत आहे. शहाण्याचे कुठेही भागते. दुष्ट म्हटलेला निदान तोंड तरी उघडतो. भोळ्याला 'हे काय?' एवढे तरी विचारता येते. पण ज्याला प्रश्न पडूनही तो शब्दांत मांडता येत नाही, त्याला शाळा काय देते? या कसोटीवर ज्यूंची धार्मिक शाळा कुठे उतरते आणि कुठे नापास होते, ते पाहू.

त्यांच्या उच्च धार्मिक शिक्षणाच्या शाळेला येशिवा म्हणतात. तिथल्या अभ्यासाच्या दालनात शिरलेल्या नवख्या माणसाला हा बाजार आहे की काय असे वाटावे, इतका गलका असतो. याचे कारण तिथे मुले एकटी अभ्यासाला बसत नाहीत. दोघादोघांच्या जोड्या असतात, आणि या पद्धतीला हव्रुता, म्हणजे सोबत, असे म्हणतात. एकाने तालमूदचा उतारा मोठ्याने वाचायचा, अर्थ सांगायचा. दुसऱ्याने तो अर्थ कसा टिकत नाही हे दाखवायचे. मग बाजू बदलायच्या. गुरुजींचे व्याख्यान होते, पण आधी किंवा मागून जोडीने तो उतारा तास-दीड तास उलटापालटा करायचाच.

तालमूदचे पानही या भांडणाला साजेसे असते. मधोमध मूळ मजकूर. आतल्या बाजूला राशी या पंडिताचे भाष्य. राशीचा काळ १०४० ते ११०५, गाव फ्रान्समधले त्र्वा. बाहेरच्या बाजूला राशीनंतरच्या पंडितांची टिपणे. त्यांत त्याचे स्वतःचे नातू आहेत, आणि ही मंडळी आजोबांच्या अर्थाला जागोजाग हरकत घेतात. १५२० नंतरच्या काही वर्षांत व्हेनिसमध्ये दानिएल बाँबर्ग याने तालमूद छापला, तेव्हापासून पानाची ही मांडणी सर्वसाधारणपणे अशीच चालत आली आहे. आजोबा आणि त्यांना खोडून काढणारे नातू एकाच पानावर सन्मानाने बसले आहेत, आणि चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा दोघांमध्ये न्याय करायला बसतो. काही वाद सुटत नाहीत. तिथे तालमूद 'तेकू' म्हणतो, म्हणजे प्रश्न तसाच उभा राहू द्या. राशीनेही काही ठिकाणी 'हे मला कळत नाही' असे सरळ लिहून ठेवले आहे. आपल्याकडच्या एखाद्या मार्गदर्शक पुस्तकात असे वाक्य कधी छापले गेले असेल काय?

जोडीदाराचे मोल सांगणारी तालमूदमधली एक गोष्ट मला विसरता येत नाही. रेश लाकिश हा पूर्वायुष्यातला दरोडेखोर. रब्बी योहानान यांनी त्याला विद्येकडे वळवले आणि पुढे तो त्यांच्या बरोबरीचा पंडित झाला. एकदा सुऱ्या-तलवारी घडून पुऱ्या झाल्या असे केव्हा मानावे, यावर दोघांचा वाद पडला. वादाच्या भरात योहानान बोलून गेले की दरोडेखोराला आपल्या धंद्यातले बरोबर कळते. तो शब्द रेश लाकिशला लागला. त्यातून दुरावा आला, तो आजारी पडला आणि मरण पावला. मग योहानानांना दुसरा हुशार जोडीदार देण्यात आला. ते जे जे म्हणत, त्याला तो कुठला ना कुठला आधार काढून देई. योहानान म्हणाले की मी बरोबर आहे हे मला ठाऊकच आहे. तो माझ्या प्रत्येक बोलण्यावर चोवीस हरकती घेई, मी चोवीस उत्तरे देई, आणि त्यातून विद्या वाढे. त्याच्या नावाने आक्रोश करीत त्यांचे भान हरपले, असे ती कथा सांगते.

या कथेत शिक्षणाच्या दोन गोष्टी आहेत. एक, मान डोलावणारा विद्यार्थी गुरूच्याही उपयोगाचा नाही. दुसरी, जो खालून वर आला आहे त्याला त्याचे 'मूळ' ऐकवणे हा विद्येच्या घरातला सर्वांत मोठा अपराध आहे. 'तुमच्या घरात कुणी शिकलेय का?' हे वाक्य वर्गात ऐकलेल्या मुलांना दुसरी गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

इथवर मी कौतुक केले. आता दुसरी बाजू. प्रश्नांचे एवढे माहात्म्य सांगणाऱ्या या शिक्षणाने दोन दारे फार काळ लावून ठेवली. एक दार मुलींचे आणि दुसरे जगाच्या विद्येचे.

पहिल्या महायुद्धापूर्वीच्या गॅलिसियात, म्हणजे ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातल्या पोलिश मुलखात, मोठी विचित्र परिस्थिती होती. धार्मिक घरातला मुलगा लहानपणापासून धर्मशिक्षणाच्या वर्गात जाई. मुलींसाठी तसा वर्गच नव्हता, आणि प्राथमिक शिक्षण तर कायद्याने सक्तीचे, म्हणून मुली सरकारी शाळेत जात. परिणाम असा झाला की भावाला तालमूद येई पण देशाची भाषा धड येत नसे. आणि बहीण पोलिश कादंबऱ्या वाची, पण प्रार्थनेतल्या हिब्रूचा अर्थ तिला कळत नसे. एकाच घरात दोन अर्धी शिक्षणे नांदत होती.

ही कोंडी फोडली ती क्राकूव्हच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईने. तिचे नाव सारा श्नीरर, जन्म १८८३. गिऱ्हाइकांच्या अंगाला कपडा नीट बसावा म्हणून बायका इतक्या चोखंदळ असतात, मग मनाच्या पेहरावाचे काय, हा विचार तिला मापे घेताना छळत असे. १९१७ मध्ये तिने आपल्या शिवणाच्या जागेत पंचवीस मुली जमवून वर्ग सुरू केला. ती फार शिकलेली नव्हती. तरी 'बेस याकोव' नावाने तिच्या शाळा पोलंडभर आणि बाहेर पसरल्या. १९३५ मध्ये ती वारली तेव्हा त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली होती. माझ्या आईच्या मशिनचा आवाज ऐकत मी हे वाचले. शिवणयंत्राशेजारी शाळा निघू शकते, हे मला कुणी आधी सांगितले नव्हते.

तरी तिने सगळे दार उघडले असे नाही. बेस याकोवच्या मुलींना बायबल, प्रार्थना, इतिहास, भाषा शिकवीत, तालमूद नाही. ते भांडण पुरुषांचेच राहिले. ते पुढचे पाऊल बॉस्टनमध्ये पडले. तिथे १९३७ मध्ये रब्बी जोसेफ सोलोवेचिक आणि त्यांच्या पत्नी टोन्या यांनी मैमोनिडीस स्कूल काढले. कडक धर्मनिष्ठ शाळा, पण मुलगे आणि मुली एका वर्गात, आणि तालमूद दोघांनाही. सोलोवेचिक हे लिथुआनियातल्या नामवंत पंडित घराण्यातले आणि स्वतः बर्लिन विद्यापीठाचे तत्त्वज्ञानातले डॉक्टर. परंपरेचा अधिकार असलेल्या माणसाने दार उघडले की ते कसे उघडते, याचे हे उदाहरण.

दुसऱ्या दाराची गोष्टही अमेरिकेतलीच. न्यूयॉर्कमध्ये १९१६ मध्ये बर्नार्ड रेवेल यांनी तालमुडिकल अकॅडमी नावाचे माध्यमिक विद्यालय सुरू केले. येशिवाचे शिक्षण आणि सरकारमान्य माध्यमिक शिक्षण एकाच छपराखाली देणारे अमेरिकेतले ते पहिले. अशा शाळांचा दिवस मोठा असतो. पहाटेची प्रार्थना, दुपारपर्यंत तालमूद, मग गणित, विज्ञान, इंग्रजी, इतिहास, आणि घरी जायला संध्याकाळ. शुक्रवारी मात्र सूर्यास्ताला शब्बाथ सुरू होतो म्हणून शाळा लवकर सुटते. एखादा तालमूदचा खंड पुरा झाला की मेजवानी असते. पुरिमच्या सणाला विद्यार्थी नाटुकली करून गुरुजींच्या नकला करतात आणि गुरुजींनी त्या हसून सोसायच्या असतात. मुले दमतात, कुरकुरतात. एका डोक्यात दोन शाळा भरवणे सोपे नसतेच. पण सकाळी ज्याने राशीला हरकत घेतली तो दुपारी भूमितीच्या सिद्धतेत चूक शोधतो. एकीकडची सवय दुसरीकडे उपयोगी पडते.

खेदाची गोष्ट अशी की आजही पुष्कळ ठिकाणी हे दुसरे दार बंद आहे. इस्राएलमध्ये हरेदी म्हणवणाऱ्या अतिधार्मिक समाजातले बहुतेक मुलगे तेरा-चौदाव्या वर्षानंतर ज्या येशिवांत जातात तिथे इंग्रजी, गणित, विज्ञान जवळपास शिकवले जात नाही. त्यांच्या बहिणी मात्र हे विषय शिकतात आणि पुढे नोकरी करून संसार चालवतात. शंभर वर्षांपूर्वीचे गॅलिसियातले घर पुन्हा उभे राहिले आहे. न्यूयॉर्कमधल्या काही हासिदी शाळांबाबतही हीच तक्रार आहे, आणि ती करणारे बाहेरचे कुणी नसून त्याच शाळांतून बाहेर पडलेले तरुण आहेत. वीस वर्षांचे झालो तरी साधा अर्ज इंग्रजीत लिहिता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. खाजगी शाळेतले शिक्षण सरकारी शाळेच्या तोडीचे असावे, असा त्या राज्याचा जुना कायदा आहे. २०२२ मध्ये त्याच्या अंमलबजावणीचे नियम झाले आणि वाद न्यायालयात नि विधिमंडळात गाजला.

या पालकांची बाजू मी समजून घेण्याचा प्रयत्न केला. ती अशी की पोलंड आणि लिथुआनियातल्या येशिवा हिटलरने विद्यार्थ्यांसकट नाहीशा केल्या. सारा श्नीररच्या कितीतरी विद्यार्थिनी त्यातच गेल्या. जे राखेतून पुन्हा उभे केले ते बाहेरच्या वाऱ्याने विझू नये, ही भीती खरी आहे. आपले मूल आपल्या वाटेने चालावे असे कुणाला वाटत नाही? बहुमताच्या सरकारने अल्पसंख्याकांच्या शाळेत हात घालावा, यातही धोका आहेच. तो आपण नाकारू नये.

हे सगळे मान्य करूनही मला त्यांच्या विरुद्ध मत द्यावेसे वाटते. ज्या मुलाला तुम्ही भाषा दिली नाही, हिशेब दिला नाही, त्याला तुम्ही चौथा मुलगा केलात. चार भिंतींच्या आत तो भले चोवीस हरकती घेईल; पण रस्त्यावर, कचेरीत, दवाखान्यात त्याला एकही प्रश्न विचारता येणार नाही. माझे वडील काही कामासाठी कचेरीत जातात तेव्हा खिडकीपाशी गप्प उभे राहतात. ते भोळे नाहीत, मिठागरावर त्यांच्याइतके स्पष्ट बोलणारा माणूस नाही. त्या खिडकीची भाषा त्यांना कुणी दिली नाही, एवढेच. अशी गप्प माणसे गरिबीने तयार होतात ते दुःख वेगळे. पण ऐपत आणि विद्या दोन्ही असलेल्या समाजाने ती जाणूनबुजून तयार करावीत, हे मला पटत नाही. त्यांच्याच ग्रंथातली चौथ्या मुलाविषयीची आज्ञा याच्या विरुद्ध आहे.

आणि दोन्ही दारे उघडी ठेवता येतात, याचा दाखला आपल्या मुंबईतच आहे. बेने इस्राएलांपैकी पुष्कळजण एकोणिसाव्या शतकात प्रथम मिशनऱ्यांच्या शाळांत शिकले. जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. या लोकांनी विद्या घेतली आणि धर्म आपलाच ठेवला. मग १८७५ मध्ये हाइम शमुवेल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समाजाची स्वतःची इस्राएलाइट स्कूल ही शाळा काढली. हिब्रू आणि धर्म शिकवायचा, पण त्याबरोबर जगात चालणारे सगळे विषयही शिकवायचे, हे धोरण. पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीनंतर शाळेला त्यांचे नाव मिळाले. १९२२ पासून पुढे जवळजवळ तीन दशके तिच्या मुख्याध्यापिका होत्या रिबेका रूबेन. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या आणि १९०५ च्या मॅट्रिक परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या या बाई. ज्या काळी क्राकूव्हमध्ये मुलींचा वर्ग ही नवलाई होती, त्या काळी मुंबईतल्या ज्यू शाळेची सूत्रे एका स्त्रीच्या हाती येत होती.

आज माझगावच्या त्या शाळेत ज्यू मुले जवळपास उरलेली नाहीत. समाज परदेशी गेला, शाळा राहिली. तिच्या बाकांवर आता बहुतांश इतर धर्मांची, विशेषतः मुसलमान घरांतली मुले बसतात. कुणी म्हणेल, मग त्या शाळेचा हेतू फसला. मला तसे वाटत नाही. ज्याला घरून मिळत नाही त्याला शाळेतून मिळावे म्हणून यहोशुआ बेन गामलाने गावोगावी गुरुजी नेमले होते. केहिमकरांच्या शाळेत ते काम अजून चालू आहे. फक्त मुलांची नावे बदलली आहेत.

मित्रहो, हे सारे आपल्या महाविद्यालयाच्या वार्षिकात कशासाठी, असे तुम्ही विचाराल. आपली संस्था कुठल्या धर्माची नाही, आणि नसावी हेच बरे. तालमूद काय किंवा दुसरा कुठला ग्रंथ काय, वर्गात आणावा असे माझे मुळीच म्हणणे नाही. पण त्यांच्या धर्माचे ते त्यांच्यापाशी ठेवून त्यांची अभ्यासाची रीत उसनी घ्यायला काय हरकत आहे? आपण सारे झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्सवर पास होतो. वर्गात 'काही शंका?' असे विचारले जाते, पहिल्या बाकावरचे तेच तिघे-चौघे बोलतात आणि तास संपतो. मागच्या बाकांवर शंका नसतात असे नाही. शंका कशी मांडायची हे न शिकता ती मुले इथवर आलेली असतात. त्यांना 'विचारा' म्हणून भागत नाही. सुरुवात शिकवणाऱ्याने करावी लागते.

म्हणून प्राचार्य आणि प्राध्यापकवर्गाला माझी एक विनंती आहे. आपल्या ग्रंथालयात 'शांतता राखा' अशी पाटी आहे आणि ती योग्यच आहे. पण त्याच इमारतीत एक खोली बोलण्यासाठी द्यावी. आठवड्यातून दोन तास तिथे दोघादोघांनी बसून पाठ्यपुस्तकातले एकच पान मोठ्याने वाचावे, एकाने अर्थ लावावा, दुसऱ्याने हरकत घ्यावी. जोड्या लावताना एक मूल शिकलेल्या घरातले आणि एक पहिल्या पिढीचे असे जमले तर उत्तमच. कुणाचे कुणाला काय मिळते ते दिसून येईल. याला खर्च नाही, विद्यापीठाची परवानगी लागत नाही. सुटले नाहीत ते प्रश्न फळ्यावर लिहून ठेवावेत आणि एखाद्या सरांनी किंवा मॅडमनी आठवड्याअखेर येऊन ते पाहावेत. 'हे मलाही पाहावे लागेल' असे ते म्हणाले, तर आमच्या मनातला त्यांचा मान कमी होणार नाही, उलट वाढेल.

खोली मिळाली तर पहिल्या दिवशी मी येईन. मला जोडीदार हवा आहे, आणि तो माझ्या प्रत्येक बोलण्याला 'बरोबर आहे' म्हणणारा नसावा.

(द्वितीय वर्ष, कला)